निळा कमी पडतोय

४ मार्च

आज ग्रंथपाल बाई दुकानात आल्या. वाचनालयाची नवी इमारत रंगापर्यंत आली आहे म्हणाल्या. वाचनकक्षाच्या पूर्वेला खिडकी ठेवता आली नाही, कारण पलीकडे हातभर अंतरावर दुसरी इमारत उभी. म्हणून ती अख्खी भिंत मोकळी आहे. "तिथे आपल्या गावचा सूर्योदय लावायचा. भिंतभर. आणि तो तुम्हीच काढायचा," असं त्या मला म्हणाल्या. चिरंजीव कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसले होते, कान मात्र इकडे.

मी लगेच हो म्हटलं नाही. चष्मा पुसला, थोडा भाव खाल्ला, मग हो म्हटलं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला हे काम हवं होतं, फार हवं होतं. जन्मभर मी चार भिंतींत फोटो काढले. हनुवटी खाली, खांदे सैल, हसू नका, पासपोर्टचा आहे. दिवे माझे, पडदा माझा, माणूस माझ्या स्टुलावर. आता दुकान मुलाच्या नावावर झालंय. सकाळी येणाऱ्यांचे फोटो मी काढतो, पुढचं सगळं कॉम्प्युटरवर तो करतो. लोक मला अजून फोटोवाले म्हणतात ते सवयीने. माझ्या हातचा एक तरी फोटो असा हवा की मी नसताना लोक त्याच्याखाली बसतील. हा तो फोटो. नाही जमला तर कॅमेरा कपाटात ठेवून देणार. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही.

घरातला उजेड हल्ली फार कमी झालाय. बल्ब बनवणाऱ्यांनी लाज सोडली आहे. हिने गेल्या आठवड्यात नवा लावला, तोही तसलाच.

६ मार्च

जागा ठरली. टेकडीवरची पाण्याची टाकी. रखवालदाराने किल्ली दिली. टाकीला बाहेरून गोल जिना आहे, वर चहूबाजूंनी चालायला पट्टी आणि कठडा. समोर नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे बंद कारखान्याचं धुराडं. सूर्य बरोबर पूल आणि धुराड्याच्या मधून वर येतो. चौकट तर देवाने आखून ठेवलीय.

चिरंजीव बरोबर आले होते. ट्रायपॉड उचलायला म्हणे. तीन काटक्यांचं ते यंत्र मी कडेवर घेऊन धावू शकतो, पण आले. वाटभर जांभया.

आयएसओ शंभर, अ‍ॅपर्चर अकरा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंगांचा तोल, 'ऊन'वर. उजेड वाढत गेला तसा शटर वेगात नेत गेलो. घरी येऊन पडद्यावर बघितलं तर सगळ्या फोटोंवर हळद सांडलेली. उगवतीच्या आधीचा तो गार निळा रंग असतो ना, सगळं जग अजून पाण्यात बुडालेलं असल्यासारखा, तो कुठेच नाही. चिखल आणि हळद.

चिरंजीवांना विचारलं. ते म्हणाले, "छान आलेत की बाबा."

याच्या 'छान'ला काही अर्थ नाही. याला हिचा स्वयंपाकही रोज छान वाटतो.

७ मार्च

परत गेलो, परत हळद. शिवाय फोटो काळपट वाटले म्हणून उजेड एक पायरी वाढवला. चिरंजीव म्हणतात सूर्य फुटला, म्हणजे मध्ये नुसता पांढरा डाग उरला. मला तरी डाग दिसला नाही.

एक वाद झाला. तो म्हणतो रॉमध्ये काढा. रॉ म्हणजे कच्चा फोटो. रंग नंतर घरी बसून सावकाश ठरवायचे. मी म्हटलं, "अरे, मी फिल्मवर शिकलेला माणूस. तिथे बटण दाबलं की विषय संपला. घरी येऊन सूर्याला 'जरा पिवळा हो, जरा लाल हो' अशी विनवणी करायची, त्यापेक्षा झोपून राहावं." तो हसला, कॅमेरा हातात घेतला, काहीतरी चाळा केला आणि परत दिला. "बॅटरी बघितली," म्हणाला.

११ मार्च

दोन दिवस ढग. आज कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेलो. आम्ही दोघे एकाच वयाचे, एकाच काळात धंद्यात आलो. त्याला म्हटलं, लेन्समध्ये बुरशी धरलीय, सगळं धुरकट येतंय आणि निळा रंग खातेय. त्याने लेन्स काढली, दिव्यासमोर धरली, फुंकर मारली, फिरवून फिरवून बघितली. मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघत बसला.

"लेन्स आरशासारखी आहे," तो म्हणाला. "तू डोळे कधी तपासलेस?"

मी म्हटलं, तुला दुरुस्ती जमत नाही असं सरळ सांग. त्यावर त्याने चहा मागवला. त्याच्याकडचा चहाही पातळ झालाय, कपाचा तळ दिसत नाही तरी पातळ. म्हातारपणी माणसाचं कामातलं लक्ष उडतं हेच खरं.

१५ मार्च

सापडलं! चूक लेन्सची नव्हतीच, व्हाइट बॅलन्सची होती. 'ऊन' हे सेटिंग कारखान्यातल्या कुण्या शहाण्याने भर दुपारी बसून ठरवलेलं. सूर्योदयाला ते कसं चालेल? मी आकडा हाताने खाली ओढला. पाच हजारावरून चार, चारवरून साडेतीन. जसजसा खाली येतो तसतसा निळा परत येतो. अठ्ठावीसशेला आल्यावर छोट्या पडद्यावर तो रंग दिसला, मी लहानपणी पहाटे उठून बघायचो तोच. नदी निळी, पूल निळा, धुराडं निळं आणि मध्ये नाजूक उजेड. वर टाकीवर एकटाच असतो तर ओरडलो असतो. चिरंजीव होते म्हणून नुसतं "हं" म्हटलं.

"बाबा, हे जरा जास्तच निळं नाही का?" तो म्हणाला.

"तुझ्या पिढीने निळा बघितलाय कुठे?" मी म्हटलं. "आकाशातच तो उरला नाही. धूर किती वाढलाय." नुसत्या डोळ्यांनीही हल्ली पहाट तपकिरीच दिसते, ते काय उगाच?

घरी आलो तर हिने जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवलेली. विचारलं तर म्हणते, शोभेसाठी. हिला या वयात शोभा सुचतेय! गॅसच्या बटणावरही पांढरा ठिपका. घरोघरी मातीच्या चुली.

१६ मार्च

अठ्ठावीसशे कायम. आज एक फोटो फार चांगला आला. ढगाची एक रेघ, तिच्याखालून सूर्य.

२२ मार्च

हे कुणालाही सांगणार नाही. इथे लिहितो, कारण कुठेतरी लिहायलाच हवं.

आज दोन सूर्य उगवले.

मी कॅमेऱ्यातून बघत नव्हतो. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, मी नुसता उभा होतो. एक सूर्य धुराड्याच्या उजवीकडे वर आला आणि त्याला चिकटून, थोडा वर, दुसरा. फिकट. मी चष्मा काढला, तरी दोन. एक डोळा झाकला, तरी दोन. दुसरा झाकून बघायचं धाडस झालं नाही. एवढा घाबरलो की मागे सरकलो आणि टाकीला पाठ टेकली. चिरंजीव लगेच शेजारी आले. "काय झालं बाबा?" म्हटलं, "काही नाही, थंडी."

घरी आल्यापासून स्वतःला समजावतोय की हवेत दमट थर असला तर असं होतं. कुठेतरी वाचलंय. वाचलं नसेल तर वाचलं पाहिजे होतं.

२३ मार्च

गेलो नाही. पाय दुखतो असं सांगितलं. पाय दुखत नव्हता.

२७ मार्च

आज दुकानात मोठं भांडण झालं. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल, कारण समोरचा शिंपी मशीन थांबवून बघत होता.

१६ तारखेच्या फोटोचा नमुना छापून आणायला मी चिरंजीवांना सांगितलं होतं. आज त्याच्या टेबलामागे दुसराच नमुना दिसला. तोच फोटो, तीच ढगाची रेघ, पण सगळा तांबूस, चिखलात बुचकळल्यासारखा. माझ्या निळ्याचा मागमूस नाही. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला की त्या दिवशी बॅटरी बघायच्या निमित्ताने त्याने कॅमेऱ्यात रॉ सुरू करून ठेवलं होतं. म्हणजे माझा प्रत्येक फोटो दोनदा निघत होता, एक माझ्या रंगाचा आणि एक कच्चा. कच्च्यातून त्याने हा बनवला.

"यात माझं काय आहे?" मी विचारलं.

"चौकट तुमची बाबा. वेळ तुमची."

"आणि रंग?"

"रंग सूर्याचा," म्हणाला.

मग मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. माझ्या नावावर स्वतःचा माल खपवतोस, बापाला बाहुलं करून टाकीवर चढवतोस, असलं बरंच काही. त्याने उलट एक शब्द काढला नाही. त्याचाच मला जास्त राग आला. भांडणाला दोन माणसं लागतात, हा तिथे मला एकट्यालाच ठेवून गेला.

संध्याकाळी ही म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही." मी म्हटलं, उद्या दोन्ही नमुने ग्रंथपाल बाईंसमोर टाकतो. भिंत त्यांची आहे, त्याच ठरवतील. ती म्हणाली, "टाका." मग काही वेळाने, "नका हो टाकू," म्हणाली.

२८ मार्च

टाकले.

बाईंच्या टेबलावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. कुणाचा कुठला ते सांगितलं नाही. चिरंजीव दाराशी उभे होते. बाईंनी आधी तांबूस उचलला, बघितला, मान डोलावली आणि खाली ठेवला. मग माझा उचलला. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, जिंकलो.

"किती सुंदर," त्या म्हणाल्या. "चांदणं काय उतरलंय पुलावर! हा रात्रीचा ना? चंद्र बरोबर ढगाखाली पकडलात. पण आपलं सूर्योदयाचं ठरलं होतं, म्हणून भिंतीला हा दुसराच घेऊ या. हा मी माझ्या खोलीत लावीन, चालेल?"

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

चिरंजीव स्वतःच्या बुटांकडे बघत होते. एका शब्दाने मला खोटं पाडता आलं असतं त्याला. मी म्हणालो, "हो, रात्रीचा. सहज काढला होता." आणि तो म्हणाला, "हो, बाबांना झोप येत नाही हल्ली."

बाईंना मात्र सांगून आलो की दुसराही अजून पक्का नाही, मला थोडी मुदत हवी. त्या म्हणाल्या, पाच मेपर्यंत चालेल, सहाला छापायला जायला हवा.

घरी येऊन हिला म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना उद्या उघडा असतो का? तिने पर्समधून चिठ्ठी काढली. वेळ आधीच घेतलेली होती.

२९ मार्च

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला.

डॉक्टर बाई तरुण आहेत, भराभर बोलतात. डोळ्याच्या आतली काच वय झालं की पिवळी आणि मग तपकिरी होते म्हणाल्या. माणसाला ते कळत नाही, कारण इतक्या हळू होतं की त्याला वाटतं जगच तसं आहे. निळा आधी जातो. दोन सूर्यांचंही विचारलं. "तेही त्यातलंच," एवढं सहज म्हणाल्या. मी सात दिवस ज्याला घाबरून जगत होतो ते त्यांच्या लेखी सर्दी.

"किती वर्षं झाली असं दिसतंय?" त्यांनी मला विचारलं.

"तीन," ही म्हणाली.

मी म्हटलं, "डोळे माझे आणि वर्षं तू मोजलीस?"

"मग काय. तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला म्हणालात, तू अजून होतीस तशीच दिसतेस. मी तेव्हाच ओळखलं."

डॉक्टर बाई हसून हसून खुर्चीत मागे गेल्या. मीही हसलो. आणि मग, का कोण जाणे, मला रडू आलं. तिथेच, त्या यंत्रावर हनुवटी टेकवलेली असताना. आयुष्यभर लोकांना हनुवटी टेकवायला सांगितलं, आज मला कुणीतरी टेकवायला लावली आणि मी रडलो. भीती वाटते मला. फोटोवाल्याचे डोळे. दुसरं काय होतं माझ्याकडे?

१२ एप्रिल

उजव्या डोळ्याचं झालं. दुखलं नाही. डोळ्यावर झाकण आहे, डाव्याने लिहितोय, ओळी वर-खाली जात असतील. चिरंजीव दिवसभर बसून होते. दुकान बंद ठेवलं. मी जा म्हटलं, गेले नाहीत.

१३ एप्रिल

झाकण काढलं.

पहिली दिसली ती कोपऱ्यातली बादली. प्लास्टिकची, फरशी पुसायची, काठाला चीर गेलेली. निळी. देवा, काय निळी! मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि नर्सला वाटलं मला उलटी होतेय, तिने ती उचलून माझ्यापुढे धरली.

मग हिचा चेहरा बघितला. तीच म्हणाली, "बोला, बोला. कळलं ना आता कुणाबरोबर संसार करताय?" सुरकुत्या आहेत. डोळ्यांखाली आहेत, ओठांभोवती आहेत. मला त्या एकदम, सगळ्या एकाच दिवशी मिळाल्या. हिची जी साडी मी तपकिरी समजत होतो ती जांभळी निघाली.

आणि दाराशी एक माणूस उभा होता. कानाजवळ केस पांढरे, खांदे थोडे उतरलेले, डोळे थकलेले. मला वाटलं कुणी दुसऱ्या रोग्याचा नातेवाईक. तो म्हणाला, "दिसतंय का बाबा?"

माझ्या मनात तो अजून काळ्याभोर केसांचा होता. हे कधी झालं याचं?

१८ एप्रिल

आज दुकानात गेलो. तो बँकेत गेला होता. मी त्याच्या कॉम्प्युटरवर बसलो, नव्या डोळ्याने सूर्योदय बघायचा म्हणून. माझा अठ्ठावीसशेवाला उघडला. ग्रंथपाल बाईंचं बरोबर होतं. चांदणंच आहे ते. शाई सांडल्यासारखं चांदणं. आणि त्याचा तांबूस नमुना, ज्याला मी चिखल म्हटलं, तो इतका नेमका सूर्योदय होता की मला मान खाली घालावी लागली.

तिथेच थांबायला हवं होतं. मी आणखी शोधलं. सकाळच्या गिऱ्हाइकांचे फोटो, मी काढलेले. प्रत्येक माणूस दोनदा ठेवलेला. एकदा 'बाबा' नावाखाली, एकदा 'नीट' नावाखाली. 'बाबा'मधली माणसं सगळी पांढरीफटक, पीठ फासल्यासारखी. 'नीट'मधली जिवंत. तीन वर्षांचे फोटो असे. आणि मी सांगत फिरायचो की या वयातही माझ्या फोटोची एक तक्रार येत नाही.

तो परत आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. पडद्यावर काय आहे ते त्याने बघितलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं होतं. तीनदा. तुम्ही म्हणालात, तुझा पडदा बिघडलाय, पडदा बदल."

"मग?"

"मग मी पडदा बदलला."

मला हसू आलं आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. म्हटलं, पण नंतर तरी सांगायचंस. दुकान तुझं, गिऱ्हाईक तुझं, म्हाताऱ्याला घरी बसवायचं. तो म्हणाला, "तुम्ही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून येता बाबा. मला नाही जमलं."

२१ एप्रिल

तीन दिवस कुणाशी धड बोललो नाही. राग नाही आता. नुसतं ओशाळं वाटतं. हा मुलगा रोज माझ्या मागून माझी चूक पुसत होता आणि मी त्याला रोज शहाणपण शिकवत होतो. आपला तो बाब्या म्हणतात. मी तर आपल्याच बाब्याला कार्टं ठरवलं.

खिडकीत उभा राहून एक खेळ खेळतो. उजवा डोळा उघडायचा, डावा मिटायचा. मग उलट. उजव्याने जग गार, धारदार, भिंतींवरचे डाग दिसतात. डाव्याने तेच जग मऊ, संध्याकाळच्या उन्हातलं, आणि हीसुद्धा तरुण. डॉक्टर बाईंना फोनवर विचारलं, डावा तसाच ठेवला तर? त्या म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही डोळ्यांनी एकच जग बघावं, चक्कर कमी येते."

२ मे

परवानगी मिळाली. काळा चष्मा लावून जायचं, सूर्याकडे टक लावायची नाही, वजन उचलायचं नाही. चिरंजीवांना म्हटलं, "चलतोस का?" मी त्याला असं विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

त्याचा तांबूस फोटो तयार आहे, तो भिंतीवर लावता येईल. तो म्हणतो तोच देऊ. मला ते नको. बरोबर आहे तो, पण माझं चुकलेलं त्याने दुरुस्त केलेलं आहे. भिंतीवर तेवढंच लागू नये असं वाटतं. मला तिथे एकदा नीट बघून काढलेला फोटो हवा.

४ मे

टाकीवर अंधार होता तेव्हा पोचलो. पूल म्हणजे नुसती एक रेघ. मग हळूहळू निळा आला. आहे! आकाशातून कुठेही गेलेला नाही. रोज येत होता, मीच घरी नव्हतो.

आकडा ठरवायची वेळ आली तेव्हा मी थांबलो. एक डोळा असं सांगतोय, एक तसं. कुणावर भरवसा ठेवायचा? मी म्हटलं, "तू सांग. तुला कसा दिसतोय रंग?"

तो ट्रायपॉडचा स्क्रू पिळत राहिला. मला वाटलं, जुन्या भांडणाची भीती वाटते याला. परत म्हटलं, "अरे बोल, मी नाही ओरडत."

"तसं नाही बाबा. मी नीट बघितलेलाच नाही कधी."

"अख्खा मार्च इथे येत होतास की!"

"येत होतो. पण तुम्ही सूर्याकडे बघत बघत कडेकडे सरकता. त्या बाजूला कठड्याची एक सळई निखळलीय. मी तुमच्या पायांकडे बघत असायचो."

मी त्या बाजूला बघितलं. खरंच, तिथे एक सळई नाही. माणूस सहज जाईल एवढी फट. मी तिथेच उभा राहायचो, तिथून चौकट चांगली मिळते म्हणून.

मी खाली बसलो. सरळ त्या सिमेंटच्या पट्टीवर, टाकीला पाठ लावून, पाय लांब करून. म्हटलं, "हे बघ, मी बसलो. आता इथून हलत नाही. आज तू बघ."

तो कॅमेऱ्याशी गेला. आधी दोनदा मागे वळून मी बसलोय ना ते पाहिलं. मग समोर वळला. पुलाच्या कडेला उजेड फुटला, धुराड्याची एक बाजू पेटली आणि सूर्य वर आला. एकच. मी मुलाकडे बघत होतो. तो हात खाली सोडून, तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सूर्य पुलाच्या वर निघून गेला, ऊन पांढरं झालं आणि मग तो दचकून वळला.

"बाबा, बटण दाबायचं राहिलं."

चेहरा असा की जणू माझा उघडा रोल उन्हात टाकलाय. मी राग यायची वाट बघितली, पण तो आलाच नाही. उलट मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"राहू दे," मी म्हटलं. "बघितलास ना?"

"बघितला."

"मग उद्या."

"उद्या शेवटचा दिवस आहे. ढग आले तर?"

"आले तर ग्रंथपाल बाईंना मी सांगेन की चूक म्हाताऱ्याची. त्यांचा विश्वास बसेल."

५ मे

ढग नव्हते. फोटो झाला. त्याने रंग सांगितला, मी आकडा फिरवला, त्याने परत थोडा कमी करायला लावला, मी कमी केला. बटण कुणी दाबलं ते लिहायचं नाही असं आमचं ठरलंय.

उतरताना जिन्यावर मी त्याचा हात धरला. पायऱ्या आता मला एकूण एक दिसतात, कडा, भेगा, सगळं. हाताची काही गरज नव्हती. त्यालाही ते ठाऊक होतं. खालपर्यंत धरूनच उतरलो.